फॉरमॅट, रॅम, एसएसडी की नवा कॉम्प्युटर?

घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला मिळतो ‘फॉरमॅट मारून टाक’, दुसरा ‘रॅम वाढव’, आणि तिसरा ‘किती दिवस ओढणार, नवाच घे’. तिन्ही सल्ले कुणा ना कुणाच्या बाबतीत बरोबर असतात. पण सल्ला देणारा बहुधा एक गोष्ट विचारतच नाही: मशीन हळू चालतंय, की मध्येच बंद पडतंय? हळू चालणाऱ्या मशीनवर पैसे खर्च करून फायदा होऊ शकतो. बंद पडणाऱ्या मशीनवर तपासणीआधी खर्च करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

नुसता हळू असेल तर

आधी एकदा ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. म्हणजे जुना गोंधळही परत येतो.

तरीही रखडत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि कॉम्प्युटर अडकलेला असतानाच आकडे बघा. निवांत असताना बघून काही कळत नाही. प्रोसेसर मोकळा आणि डिस्क १०० टक्क्यांवर, असं दिसलं तर अडचण डिस्कची. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि सोबत डिस्कही धापा टाकतेय, तर रॅम कमी पडतेय; जागा नसल्यामुळे विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतंय. प्रोसेसरच भरलेला असेल तर कोणत्या प्रोग्रामने भरलाय ते तिथेच दिसतं, आणि बऱ्याचदा तो नंतर चिकटलेला दुसरा अँटिव्हायरस असतो.

जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनसाठी माझं मत ठाम आहे: आधी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एक फेरी पुरी करायला ११ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारं डोकं योग्य जागी सरकण्याचा वेळ धरला तर विखुरलेल्या लहान फाइल्स सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना तर अशा हजारो लहान वाचनांची गरज असते. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तेच काम ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने करते. साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते, एनव्हीएमई ही जास्त वेगवान प्रकारची ३००० च्याही वर. पण ब्राउझर, कागदपत्रं, फोटो एवढ्या कामात या दोघींमधला फरक क्वचितच जाणवतो. तेव्हा जुन्या मशीनला साटाच बसत असेल तर हळहळू नका. फक्त एम.२ आकाराची (लहान पट्टीसारखी) घेताना सांभाळा: त्या आकारात दोन्ही प्रकार मिळतात, दिसायला जवळपास सारखे, आणि प्रत्येक खाचेत दोन्ही चालतातच असं नाही.

मग फॉरमॅटचं काय? फिरत्या डिस्कवर फॉरमॅट मारलं की सुरुवातीला बरं वाटतं. पुढे अपडेट आले, प्रोग्राम परत चढले, की तीच रडगाणी. डिस्कचा वेग फॉरमॅटने बदलत नाही. ज्यांच्या मशीनमध्ये आधीच एसएसडी आहे आणि तरीही रखडतंय, त्यांना मात्र फॉरमॅटचा उपयोग होऊ शकतो. त्याआधी डिस्क काठोकाठ भरलेली नाही ना, ते बघा. एसएसडीला थोडी मोकळी जागा लागते. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘माझ्या फाइल्स ठेवा’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्राम उडतातच, हेही ध्यानात असू द्या. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

रॅमचा निवाडा झटपट होतो. ४ जीबीवरून ८ केल्यावर फरक स्पष्ट दिसतो. ८ वरून १६ चा फायदा ढिगाने टॅब उघडे ठेवणाऱ्यांना. त्यापुढे घरगुती वापरात पैसे वाया. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे विषयच संपला.

मध्येच बंद पडत असेल तर

इथे घाई नको. विंडोजमधला रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तारीखवार दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक लगेच पॉवर सप्लाय बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मशीन रीतसर बंद न होता सुरू झालं. कारण ती सांगत नाही.

लक्षणांवरून अंदाज बांधता येतो. निळी स्क्रीन प्रत्येक वेळी वेगळं कारण देत असेल तर संशय रॅमवर. दरवेळी एकाच ड्रायव्हरचं (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामचं) नाव येत असेल तर त्या ड्रायव्हरवर. जोर पडल्यावर, म्हणजे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना, निळी स्क्रीनही न येता फटकन बंद पडत असेल तर उष्णता किंवा पॉवर सप्लाय. अर्धा मिनिट गोठून परत चालू होत असेल तर डिस्कचे ‘स्मार्ट’ आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब किंवा संशयित भाग) वाढताना दिसले तर बाकी सगळं सोडून आधी फाइल्स दुसरीकडे काढा. सीआरसी एरर (डेटाच्या ने-आणीतल्या चुका) तेवढे वाढत असतील तर मात्र दोष बऱ्याचदा केबलचा असतो, आणि ती बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

रॅम तपासायला मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तरी रॅम नापास. मग एकेक पट्टी वेगळी लावून बघायची. आधी एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा. जादा वेगामुळेही चुका होतात. नुकतीच दुसऱ्या मेकची पट्टी जोडली असेल तर पहिली ती काढा.

‘फॉरमॅट मारून बघू’ ही इथली सर्वात महागडी चाचणी, कारण ती तुमचा सगळा संसार विस्कटते. त्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) चालवा, डिस्कवर काहीही न टाकता, आणि काही तास नेहमीचं काम करा. तिथेही कोसळलं तर हार्डवेअर दोषी, फॉरमॅटने काही होणार नाही. तिथे मशीन मुकाट चाललं तर विंडोज, ड्रायव्हर किंवा विंडोज असलेली डिस्क यांच्यात दोष शोधा.

एसएसडी बसवताना जुनी डिस्क क्लोन करायची (जशीच्या तशी उतरवून घ्यायची) की विंडोज नव्याने टाकायचं, हेही यावरूनच ठरतं. मशीन फक्त हळू होतं तर क्लोन करा, वेळ वाचतो. कोसळत होतं तर नव्याने टाका, कारण बिघडलेल्या फाइल्सही क्लोनबरोबर येतात. परवान्याची चिंता सहसा नसते. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो.

नवा कधी?

मदरबोर्ड बिघडला असेल, किंवा सोल्डर केलेली ४ जीबी रॅम असेल, तर नवाच. तिसरं कारण वयाचं: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशीनवर काम मुख्यतः ब्राउझरमध्येच होत असेल तर एसएसडी बसवून लिनक्स टाकणं मला नव्या खरेदीपेक्षा शहाणपणाचं वाटतं. पुढे मशीन गेलंच, तर साटा एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येते.