मास्टर ऑफ ओरायन २ : आठ महिने खेळल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम १९९६ चा आहे. ६४० बाय ४८० चं चित्र, आजच्या मोठ्या स्क्रीनवर ताणलं की कडा खरखरीत दिसतात, आणि डॉसबॉक्समधून, म्हणजे जुने डॉसचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवावा लागतो. हे चालणार नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. मला पहिले दोन दिवस खटकलं आणि तिसऱ्या दिवसापासून दिसेनासंच झालं, कारण तोपर्यंत माझी पहिली वसाहत उपाशी मरायला लागली होती आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

हा गेम मला दादामुळे कळला. त्याने तो शाळेत असताना खेळलेला, मी तेव्हा लहान होते, मला फक्त आठवतं की तो रात्री "एक टर्न, एकच टर्न" म्हणत बसायचा. गेल्या वर्षी पहिला आणि दुसरा भाग एकत्र डिजिटल विकत मिळाला म्हणून घेतला, म्हटलं बघू तरी काय आहे. त्याला आता आठ महिने झाले. मधल्या काळात दोन नवीन स्पेस स्ट्रॅटेजी गेम घेतले, दोन्ही दिसायला अप्रतिम आहेत, दोन्ही दहा-पंधरा तासांत सोडले आणि परत याच्याकडे आले. असं का होतं याचा मी बराच विचार केला, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

थोडं मागचं सांगते. सिमटेक्स नावाच्या छोट्या कंपनीने, स्टीव्ह बार्सियाच्या टीमने, पहिला मास्टर ऑफ ओरायन १९९३ मध्ये काढला, मायक्रोप्रोजने प्रकाशित केला. आज आपण या सगळ्या प्रकाराला फोर-एक्स म्हणतो ना, एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट, तो शब्दच त्या पहिल्या भागाबद्दल लिहिताना ॲलन एमरिच या गेम समीक्षकाने वापरला आणि तिथून रूढ झाला. म्हणजे या जातीच्या गेम्सचं बारसंच इथे झालंय. दुसरा भाग तीन वर्षांनी आला आणि त्यानंतर वर्षभरात सिमटेक्स बंद पडली. पुढे दुसऱ्या लोकांनी २००३ मध्ये तिसरा भाग केला, २०१६ मध्ये पुन्हा नव्याने एक केला, पण लोक अजूनही बोलतात ते दुसऱ्याबद्दलच.

आता खेळ. स्टारडेट ३५००.० ला सुरुवात होते, एक टर्न म्हणजे ०.१. तुमच्याकडे एक ग्रह, दोन स्काउट, एक कॉलनी शिप. ग्रहाच्या पडद्यावर तुमची लोकसंख्या छोट्या छोट्या माणसांच्या रांगेत उभी असते, वरच्या रांगेत शेतकरी, मधे कामगार, खाली शास्त्रज्ञ. त्यातला एक उचलायचा आणि दुसऱ्या रांगेत सोडायचा, झालं. अर्थमंत्रालय एवढंच. स्लायडर नाहीत, टक्केवारी नाही, पाच पानी रिपोर्ट नाही. एक शेतकरी उचलून कामगारांत टाकला की अन्न किती कमी झालं आणि उत्पादन किती वाढलं ते त्याच क्षणी समोर दिसतं, आणि तो माणूस तुम्ही हाताने उचलून टाकलेला असतो म्हणून तो निर्णय तुमचा वाटतो. मला हे इतकं आवडतं की नवीन गेम्समध्ये जेव्हा "कृषी प्राधान्य +१५%" असं बटण दिसतं तेव्हा मन लागतच नाही.

ग्रहांचंही तसंच. साधारण खनिजांच्या ग्रहावर एक कामगार ३ उत्पादन देतो, रिच असेल तर ५, अल्ट्रा रिच असेल तर ८, आणि अल्ट्रा पुअरवर फक्त १. आकडे इतके लहान आहेत की आठवड्याभरात पाठ होतात आणि मग नकाशा बघतानाच डोक्यात हिशेब सुरू होतो की तो किरणोत्सर्गी दगड घ्यावा का, तिथे माणसं नीट वाढणार नाहीत पण आठ आठ मिळतील, अन्न मात्र बाहेरून न्यावं लागेल, म्हणजे फ्रेटर, मालवाहू जहाजं, हवेत. माझी उपाशी वसाहत म्हणजे हेच झालं होतं, अन्न घरच्या ग्रहावर ढिगाने पडलेलं आणि ते न्यायला एकही फ्रेटर नाही. दादा मागे उभा राहून बघत होता, म्हणाला, "अगं, धान्य आहे म्हणजे जेवण आहे असं नसतं, आधी गाड्या बांध." तेव्हापासून मी कॉलनी शिप सुटायच्या आधी फ्रेटर बांधते.

पण खरी गंमत रिसर्चमध्ये आहे आणि माझ्या मते या गेमचं आयुष्य तिथेच आहे. प्रत्येक पायरीवर साधारण तीन शोध असतात आणि साध्या रेसला, म्हणजे आपण खेळतो त्या प्रजातीला, त्यातला एकच मिळतो. एकच! बाकीचे दोन गेले. रोबोटिक्सची पायरी घ्या, तिथे रोबो मायनिंग प्लांट आहे, बॅटलस्टेशन आहे आणि सैनिकांसाठी पॉवर्ड आर्मर आहे. रोबो मायनिंग घेतलं तर प्रत्येक ग्रहाला १० उत्पादन वर प्रत्येक कामगारामागे २, म्हणजे नाही कोण म्हणेल? पण या गेममध्ये तुमचं नौदल किती मोठं असू शकतं ते कमांड पॉइंटवर ठरतं, ग्रहाभोवतीचा स्टार बेस एक देतो, त्याहून मोठं बॅटलस्टेशन दोन देतं, आणि मर्यादेच्या बाहेर गेलात की प्रत्येक पॉइंटमागे दर टर्नला १० बीसी (गेममधले पैसे) खिशातून. शेजारी भांडखोर असेल तर ते जादाचे पॉइंट सोन्यासारखे असतात. मी या एका पायरीवर दहा-दहा मिनिटं बसलेय. आठ महिन्यांनंतरही बसते, कारण बरोबर उत्तर नकाशावर अवलंबून आहे आणि नकाशा दर वेळी वेगळा.

आणि जे सोडलं ते कायमचं गेलं असंही नाही, ते कोणाकडे तरी असतं. मग ते अदलाबदलीत मागा, हेर पाठवून चोरा, नाहीतर लढाईत त्यांचं जहाज जिवंत पकडून घरी आणून मोडा आणि त्यातून शिका. म्हणजे जे नाही ते मिळवायला तुम्हाला शेजाऱ्याच्या दारात जावंच लागतं, गोडीत नाहीतर बंदूक घेऊन. नवीन गेम्समध्ये शेवटी सगळ्यांना सगळं मिळतं, फक्त क्रम वेगळा, म्हणून शंभराव्या टर्नला सगळी साम्राज्यं सारखीच दिसायला लागतात. इथे माझं साम्राज्य कोणत्या गोष्टीवाचून अडलंय त्यावरून मी तो डाव ओळखते. "तो ऑटोमेटेड फॅक्टरी नसलेला डाव", "तो क्लोनिंग सेंटर नसलेला डाव", अशी नावंच आहेत आमच्यात.

माझा सगळ्यात लाडका डाव सिलिकॉइडचा. हे दगडाचे जीव, अन्न लागत नाही, प्रदूषणाचं काही वाटत नाही, विषारी ग्रहावरही सुखाने राहतात, पण लोकसंख्या अगदी हळू वाढते, त्यांच्याशी कोणी बोलायला तयार नसतं, आणि ते अनक्रिएटिव्ह आहेत म्हणजे तीनातला कोणता शोध मिळणार हेही आपल्या हातात नाही, नशिबात असेल तो. ऑप्ट्रॉनिक्सच्या पायरीवर मला क्षेपणास्त्रांची गायडन्स सिस्टीम मिळाली आणि रिसर्च लॅबोरेटरी गेली. लॅब गेली म्हणजे सगळा पाया गेला. करार नाही, व्यापार नाही, मागायची सोय नाही, आणि शेजारी नेमके सायलॉन, जे गॅलक्सीतले सगळ्यात हुशार. मी सगळे टाकाऊ ग्रह भरत गेले, जिथे दुसरं कोणी राहूच शकत नाही तिथे, आणि संख्येच्या जोरावर शेवटी सायलॉनांच्या एका ग्रहावर सैनिक उतरवले. ग्रह हातात आला, बघते तर त्यावर लॅब बांधलेली, उभी. माझ्या पूर्ण साम्राज्यातली एकमेव लॅब! आणि त्या ग्रहावरचे सायलॉन आता माझे शास्त्रज्ञ. एवढी खुश झाले आणि दोन टर्नमध्ये लक्षात आलं की यांना जेवायला लागतं. माझ्याकडे तोपर्यंत एकही शेतकरी नव्हता, एकही फ्रेटर नव्हता, दगडांना कशाला लागतात? मग त्याच हुशार लोकांतले निम्मे उचलून शेतीच्या रांगेत टाकावे लागले. हे कोणी लिहून ठेवलेलं कथानक नाही, चार साधे नियम एकमेकांना येऊन भिडले आणि गोष्ट तयार झाली. तो संध्याकाळचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

एकूण १३ रेसेस तयार मिळतात आणि शिवाय स्वतःची बनवता येते, गुण विकत घ्यायला १० पिक्स (पॉइंट) हातात असतात, वाईट गुण घेतले की आणखी १० पर्यंत मिळतात. क्रिएटिव्ह, म्हणजे तीनही शोध मिळणारी रेस, ८ पिक्सला आहे. सुरुवातीला मी सारखी तीच घ्यायचे आणि सांगते, नवीन माणसाने पहिले दोन-तीन डाव तीच घ्यावी म्हणजे सगळी खेळणी बघून होतात. पण नंतर सोडा. सगळं मिळायला लागलं की कोणाकडे काही मागावं लागत नाही आणि खेळ एकटा पडतो.

लढाया टर्नने होतात आणि जहाजं आपण स्वतः डिझाइन करायची, हे थोडं शिकावं लागतं. त्यातली सुंदर गोष्ट म्हणजे त्या क्षेत्रात पुढे पुढे संशोधन झालं की जुनं शस्त्र लहान होत जातं आणि त्याला नवीन सुधारणा जोडता येतात, म्हणून जुनाट मास ड्रायव्हरसुद्धा बराच काळ उपयोगी पडतो, त्याचा मार लांबून मारला तरी कमी होत नाही. शत्रूचं इंजिन मोडून त्याला जागेवर थांबवायचं आणि मरीन्स चढवायचे हा माझा आवडता उद्योग. जहाज उडवून टाकण्यात काय आहे, ते आणून मोडलं तर शोध मिळतो.

ओरायन ताऱ्यावरच्या गार्डियनबद्दल, म्हणजे तिथे राखण करणाऱ्या बलाढ्य जहाजाबद्दल, सांगायलाच हवं. मी पहिल्यांदा सहा बॅटलशिप घेऊन गेले, एकही परत आली नाही, आणि ती लढाई किती कमी वेळात संपली ते बघून मी नुसती बसून राहिले. जुना सेव्ह लोड केला नाही, तसाच डाव पुढे नेला. बऱ्याच टर्न्सनी फेझर तोफा हेवी माउंट, म्हणजे मोठ्या आकारात, बसवून, लांबून मारा ठेवून परत गेले आणि जिंकले, तेव्हा ॲव्हेंजर जहाज मिळालं, लोकनार नावाचा कॅप्टन मिळाला आणि असे शोध मिळाले जे रिसर्च करून मिळतच नाहीत. पण त्या पहिल्या सहा जहाजांची नावं मी नवीन जहाजांना दिली होती.

आता जे आवडत नाही ते. डावाचा शेवटचा एक तृतीयांश भाग कंटाळवाणा होतो, यात लपवण्यासारखं काही नाही. चाळीस कॉलन्या झाल्या की दर टर्नला कोणी ना कोणी "काय बांधू" विचारत येतं आणि ऑटो-बिल्डवर सोडलं तर अक्कल नसल्यासारखं काहीही बांधत सुटतो. कॉम्प्युटर खेळाडू कालपर्यंत करार करून गोड बोलतो आणि आज विनाकारण युद्ध पुकारतो. अवघड लेव्हलला तो हुशार होत नाही, त्याला फक्त सवलती जास्त मिळतात. अँटारन्सचे, म्हणजे दुसऱ्या मितीतून येणाऱ्या शत्रूंचे, हल्लेही कधी कधी अन्यायकारक वाटतात, छोट्या कॉलनीवर येऊन सगळं साफ करून जातात आणि तुम्ही काही करू शकत नाही. ज्यांना हे नको असेल त्यांनी डाव सुरू करतानाच तो पर्याय बंद करावा, मी चालू ठेवते कारण शेवटी डायमेन्शनल पोर्टल बांधून त्यांच्या घरी जायचं असतं ना.

नवीन घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, कशावरही राइट क्लिक करा, माहिती येते, मला हे तीन आठवड्यांनी कळलं. दोन, मूळ गेमचा शेवटचा अधिकृत पॅच १.३१, पण चाहत्यांनी १.५० नावाचा पॅच बनवलाय, तो टाका, बरेच जुने बग गेलेत. बंद पडलेल्या कंपनीच्या गेमवर लोक इतक्या वर्षांनी स्वतःचा वेळ घालून बारीकसारीक चुका दुरुस्त करत बसलेत, हे बघून मला फार बरं वाटतं.

सध्या मी आणि दादा हॉटसीट खेळतोय, एकच लॅपटॉप, त्याचा टर्न झाला की तो उठतो आणि मी बसते, तेवढ्या वेळात पडद्याकडे बघायचं नाही हा एकच नियम. मी रोबोटिक्सला बॅटलस्टेशन घेतलंय, त्याने रोबो मायनिंग. तीन ग्रह त्याचे जास्त आहेत आणि उत्पादनात तो माझ्या खूप पुढे निघून गेलाय. काल म्हणाला, "ताई, किती दिवस नुसती जहाजं मोजत बसणार?" मोठा असून मला ताई म्हणतो तेव्हा तो जिंकतोय असं त्याला वाटत असतं. मी काही बोलले नाही. गेल्या चार टर्नपासून माझे तीन हेर त्याच्या घरात आहेत आणि ते रोबो मायनिंगच शोधतायत.