बोलून काम काढणारी बार्ड: कॉलेज ऑफ एलोक्वन्स काही महिने खेळल्यानंतर

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून टेबलवर गोष्ट रचत खेळायच्या खेळात तलवारीपेक्षा जिभेवर भिस्त ठेवायची असेल तर जो तो एकच सल्ला देतो: बार्ड (शब्द-सुरांतून जादू करणारं कॅरेक्टर) घे आणि त्यातला कॉलेज ऑफ एलोक्वन्स हा वक्तृत्वाचा सबक्लास, म्हणजे शाखा, निवड. गेले कित्येक महिने मी तेच खेळतेय. पुण्यात रविवार दुपारचं आमचं टेबल आहे, नियम २०१४ चे, आणि माझी हाफ-एल्फ बार्ड तिसऱ्या लेव्हलपासून आता सातव्यापर्यंत आली आहे. सल्ला चांगला आहे, मीही तोच देईन. फक्त लोक पर्सुएशनच्या (पटवून देण्याच्या कौशल्याच्या) ज्या आकड्यामागे धावतात तो आकडा फार लवकर पुरेसा होतो आणि त्यानंतरचा खेळ वेगळ्याच गोष्टीवर चालतो, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

आधी हिशेब. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि बेरीज डीसी या ठरलेल्या आकड्याइतकी झाली की काम होतं. स्टँडर्ड अॅरे या गुणांच्या ठरलेल्या यादीमधले १५ करिश्म्यात (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावात) टाकले, हाफ-एल्फचे २ मिळाले, झाले १७. डेक्स्टेरिटीत (चपळाईत) १४ अधिक १, म्हणजे १५. चौथ्या लेव्हलला दोन्हींत एकेक गुण घातला की १८ आणि १६, एकही गुण वाया जात नाही. तिसऱ्या लेव्हलला पर्सुएशनमध्ये एक्स्पर्टीज घ्यायची. पाचव्याला प्रोफिशियन्सी बोनस (शिकलेल्या कौशल्यांना मिळणारी भर) ३ होतो, एक्स्पर्टीजने दुप्पट होऊन त्याचे ६, करिश्मा १८ असल्याचे ४, एकूण अधिक १०. आता एलोक्वन्सची खरी देणगी: 'सिल्व्हर टंग'. पर्सुएशन किंवा डिसेप्शनच्या (थापा मारण्याच्या) वेळी फाशावर ९ किंवा त्याहून कमी पडलं तरी ते १० धरायचं. म्हणजे पाचव्या लेव्हलला माझं पर्सुएशन २० च्या खाली जाऊच शकत नाही. डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या) पुस्तकात डीसी २० म्हणजे 'अवघड'. फाशावर १ पडला तरी अवघड काम होतं.

पहिल्या दोन-तीन रविवारी याची खूप मजा येते. मग आमच्या डीएमने एक गोष्ट केली, ज्याबद्दल मी त्याची मनापासून आभारी आहे: २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमधला संवादाचा तक्ता काटेकोरपणे वापरायला सुरुवात केली. त्यात समोरच्याची वृत्ती आधी ठरते: मित्रत्वाची, तटस्थ किंवा वैराची. तटस्थ माणूस २० च्या रोलवर थोडी जोखीम पत्करतो. वैरी माणूस त्याच २० वर ऐकतो खरा, पण त्याला काहीच गमवावं लागणार नसेल तरच. शत्रूच्या पहारेकऱ्याला मी २७ चा रोल टाकला तरी तो स्वतःची नोकरी धोक्यात घालून दरवाजा उघडणार नाही. ज्यांना खेळाची जुनी ३.५ आवृत्ती आठवत असेल त्यांना यातलं शहाणपण लगेच कळेल. तिथे डिप्लोमसी (तेव्हाचं पटवण्याचं कौशल्य) पुरेशी वाढवली की वैऱ्याचा थेट मदतनीस करता यायचा, डीसी होता ५०, आणि तिथपर्यंत पोचायच्या वाटा लोकांनी शोधल्याच. आताचा तक्ता रोलवर छत घालतो आणि मग प्रश्न उरतो तो वृत्ती बदलायचा.

इथे इनसाइट, म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्याचं कौशल्य, येतं. त्याच गाइडप्रमाणे समोरच्याशी थोडा वेळ बोलून इनसाइटचा रोल केला की त्याची निष्ठा, आदर्श किंवा कमकुवत बाजू यांपैकी काहीतरी हाती लागू शकतं, आणि ते धरून बोललात तर त्याची वृत्ती त्या संवादापुरती सुधारू शकते. बार्डला सुरुवातीला कोणतीही तीन कौशल्यं निवडता येतात, हाफ-एल्फला वर दोन. त्यामुळे इनसाइट घेणं काहीच कठीण नाही. माझं ठाम मत: तिसऱ्या लेव्हलची दुसरी एक्स्पर्टीज इनसाइटमध्येच घाला. बरेच जण डिसेप्शनमध्ये घालतात, पण डिसेप्शनला सिल्व्हर टंगचं संरक्षण आहेच. साध्या प्रोफिशियन्सीवर पाचव्या लेव्हलला ते १७ च्या खाली जात नाही, थाप पचवायला एवढं पुष्कळ झालं. इनसाइट विस्डमवर चालतं, त्याला कसलंही संरक्षण नाही, आणि माझ्या बार्डचं विस्डम जेमतेम १२. एक्स्पर्टीजची गरज तिथे आहे. इंटिमिडेशनलाही सिल्व्हर टंग लागू होत नाही, म्हणून धमक्या मी आमच्या बार्बेरियनवर सोपवते.

एक प्रसंग सांगते, कारण माझ्या मते हा सबक्लास खरा काय आहे ते त्यात दिसतं. आम्ही नुकतेच सहाव्या लेव्हलला गेलो होतो आणि 'युनिव्हर्सल स्पीच' मिळालं होतं: साठ फुटांच्या आत, करिश्मा मॉडिफायरइतके जीव, माझ्या बाबतीत चार, तासभर माझं बोलणं समजू शकतात, भाषा कोणतीही असो. दलदलीत लिझर्डफोकच्या (सरड्यासारख्या माणसांच्या) एका टोळीने आमचा वाटाड्या पकडला होता. त्यांची ड्रॅकॉनिक भाषा आमच्यात कुणालाच येत नव्हती. मी त्यांच्या म्होरक्याशी आणि तीन भालेकऱ्यांशी बोलायला लागले, आणि तेव्हा या फीचरची दुसरी बाजू समोर आली. त्यांना माझं कळतं, मला त्यांचं कळत नाही. म्होरक्या लांबलचक काहीतरी बोलला, डीएमने फक्त घशातले आवाज काढून दाखवले. मग त्याने एक मोडका भाला जमिनीवर ठेवला आणि पायाने आमच्या पॅलाडिनकडे (ढाल-तलवारवाल्या धर्मयोद्ध्याकडे) सरकवला.

मी पर्सुएशनला हात लावला नाही, इनसाइट मागितलं. डीएम म्हणाला, "त्याला तुमची भीती वाटत नाहीये. त्याच्या माणसांची हत्यारं बघ, हाडं आणि लाकूड. आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा ढालीवर जातेय." पॅलाडिन माझा मावसभाऊ खेळतो. मी काही सुचवायच्या आत तोच म्हणाला, "ताई, ढाल देऊन टाकू का? एसी (बचावाचा आकडा) दोनने जाईल, पण माणूस तरी परत मिळेल." त्याने ढाल काढून भाल्याशेजारी ठेवली. डीएमने म्होरक्याची वृत्ती वैरातून तटस्थावर आणली, आणि मगच मी रोल टाकला. फाशावर ४ होते, धरले १०, एकूण २०. वाटाड्या परत आला, शिवाय पाण्यातून सुरक्षित वाट दाखवायला त्यांचा एक माणूस बरोबर आला, ही त्या तक्त्यातली 'थोडी जोखीम'. माझा रोल आधीपासून पक्का होता. पारडं फिरवलं ते मावसभावाच्या ढालीने.

तेव्हापासून मी या कॅरेक्टरचं काम असंच बघते: समोरच्याला काय हवंय ते आधी शोधायचं आणि आपल्यापैकी कोण ते देऊ शकतं ते बघून त्याला पुढे करायचं. बोलणारं कॅरेक्टर घेतलं की प्रत्येक दरबारात, प्रत्येक नाक्यावर एकच खेळाडू बोलत राहतो आणि बाकीचे मोबाइल काढतात, ही तक्रार मी दुसऱ्या टेबलांवरच्या मित्रांकडून ऐकते. इनसाइटने खेळलं तर तसं होत नाही, कारण मिळालेली माहिती आपसूक सगळ्यांची होते. बरोबरच्या खेळाडूंवर मात्र पर्सुएशन कधीही वापरू नका. आमच्याकडे हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं, आणि ते ठरवल्याशिवाय हे कॅरेक्टर टेबलवर आणूच नये असं मला वाटतं.

स्पेल्सबद्दल. समोरच्याला भुरळ घालणारी 'फ्रेंड्स' घेऊ नका: एका मिनिटात परिणाम संपतो आणि समोरच्याला कळतं की आपल्यावर जादू झाली, तो वैरी होतो. 'चार्म पर्सन'चंही संपल्यावर कळतंच, त्यामुळे ज्या गावात परत यायचंय तिथे नको. 'एन्हान्स अॅबिलिटी' सभ्य आहे, ती आपल्याच माणसावर टाकायची, तासभर करिश्म्याच्या चेक्सना अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा). माझ्या सगळ्यात कामी आलेली 'काम (Calm) इमोशन्स', कारण ती वैऱ्याला काही क्षण तटस्थ करते आणि त्या क्षणांत बोलायला जागा मिळते. पण मंत्र उच्चारावा लागतो, हातवारे करावे लागतात, समोरचे बघत असतात. म्हणून मी ती फक्त हाणामारी सुरू झाल्यावर वापरते, जेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

लढाईत एलोक्वन्स दुबळा पडेल असं वाटलं होतं, तसं अजिबात नाही. 'अनसेटलिंग वर्ड्स' बोनस अॅक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) होतं: एक इन्स्पिरेशन डाय (एरवी बार्ड साथीदारांना देते तो जादा फासा) खर्च करायचा, जे पडेल ते शत्रूच्या पुढच्या सेव्हिंग थ्रोमधून (जादू टाळण्याच्या रोलमधून) वजा. पाचव्या लेव्हलला हा डाय डी८ (आठ बाजूंचा) होतो आणि शॉर्ट रेस्टवर, म्हणजे छोट्या विश्रांतीनंतर, परत मिळायला लागतो. माझा स्पेल डीसी १५, शत्रूच्या रोलमध्ये सरासरी साडेचारची घट, मग त्याच टर्नला 'सजेशन' (सुचवलेलं करायला लावणारी स्पेल). ओगरसारखा कमी विस्डमचा शत्रू जवळजवळ हमखास सापडतो. सहाव्या लेव्हलचं 'अनफेलिंग इन्स्पिरेशन' तर टेबलवर सगळ्यांच्या आवडीचं: मी दिलेला डाय वापरूनही रोल फसला, तर डाय त्या खेळाडूकडेच राहतो. लाजऱ्या खेळाडूंनी डाय जपून ठेवणं बंद केलं, हा मला दिसलेला सगळ्यात मोठा फरक.

उणिवा आहेत. बुद्धी नसलेल्या झाँबींपुढे किंवा चार्म न होणाऱ्या शत्रूंपुढे कॅरेक्टरची निम्मी शीट शांत बसते. मोहीम नुसती भुयारांची असेल तर बार्डचाच दुसरा सबक्लास, कॉलेज ऑफ लोर, घ्या. आणि डीएम सरसकट रोलवरच सगळं सोडणारा असेल तर पाचव्या लेव्हलनंतर तुम्हाला कंटाळा येईल, कारण अडणारं काही राहत नाही. आधी त्याच्याशी त्या तक्त्याबद्दल बोलून घ्या. २०२४ च्या नव्या प्लेअर्स हँडबुकमध्ये हे कॉलेज नाही. ते २०२० मध्ये आधी थेरॉस या काल्पनिक जगावरच्या पुस्तकात आणि त्याच वर्षी 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये आलं. नव्या नियमांत ते वापरायचं तर डीएमची परवानगी लागेल.

आता आठवी लेव्हल जवळ आली आहे. गुण वाढवण्याऐवजी 'वॉर कास्टर' ही एकाग्रता टिकवायला मदत करणारी खास क्षमता घ्यावी असं दोघांनी सुचवलं, कारण माझ्या कामाच्या बहुतेक स्पेल्सना कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं. तरी मी करिश्मा २० करणार आहे. त्याने पर्सुएशन १० चं ११ होईल, त्याने काही बिघडत नाही की सुधारत नाही. पण स्पेल डीसी १६ होईल, आणि चारऐवजी पाच इन्स्पिरेशन डाय मिळतील. टेबलवर माझ्याशिवाय चार खेळाडू आहेत. त्या चौघांना एकेक देऊन एक अनसेटलिंग वर्ड्ससाठी माझ्याकडे उरेल.