परत देण्यासाठी वाढवलेले पिल्लू : ‘द सीइंग आय’च्या पिल्लू-संगोपन उपक्रमाविषयी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आता पुष्कळ आई-वडील सहा-सहा महिन्यांसाठी मुलांकडे अमेरिकेत जातात. नातवंडे सांभाळायची, घरचे जेवण करून घालायचे आणि थंडी सोसायची, एवढ्या तयारीने आपण निघतो. माझ्या मुलाच्या न्यू जर्सीतील घरी मात्र नातीच्या जोडीने काळ्या लॅब्रॅडॉर जातीचे एक पिल्लूही होते, आणि ते त्यांच्या मालकीचे नव्हते. अंध व्यक्तींना गाइड डॉग, म्हणजे रस्त्याने सुरक्षित चालायला मदत करणारे शिकवलेले कुत्रे, देणाऱ्या ‘द सीइंग आय’ या संस्थेचे ते पिल्लू होते आणि मोठे झाल्यावर परत द्यायचे, या अटीवरच ते घरात आले होते. ज्यांच्या मुलांच्या मनात असे पिल्लू आणण्याचा विचार आहे आणि ज्यांना त्या घरात आजी-आजोबा म्हणून राहायचे आहे, त्यांच्यासाठी या उपक्रमाविषयी माझे मत सविस्तर लिहीत आहे.

परक्या संस्थेचे जनावर घरात आणायचे तर संस्था कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये गाइड डॉगचे पहिले विद्यालय निघाले. स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांना प्रशिक्षण देणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतील ते काम पाहून १९२७ मध्ये एक लेख लिहिला. तो ऐकून नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांना पत्र पाठवले, तो स्वित्झर्लंडला गेला आणि ‘बडी’ नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. २९ जानेवारी १९२९ रोजी ही संस्था स्थापन झाली आणि आज तिचे मुख्य ठाणे न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे आहे. अंध व्यक्तीकडून पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर, पुढच्या प्रत्येक कुत्र्यासाठी ५० डॉलर आणि माजी सैनिकाकडून केवळ १ डॉलर घेतला जातो; १९३४ पासून ही रक्कम वाढलेली नाही. प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने ही रक्कम काहीच नाही, परंतु कुत्रा दान म्हणून पदरात पडला नसून आपण तो स्वतःच्या पैशाने घेतला, असे घेणाऱ्याला म्हणता यावे, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

पिल्ले सामान्य कुटुंबांत वाढवण्याची पद्धत या संस्थेने १९४२ मध्ये ‘फोर-एच’ या मुलांच्या मंडळांच्या मदतीने सुरू केली. चेस्टर येथील पैदास केंद्रात जन्मलेले पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की कुटुंबाकडे येते आणि साधारण सव्वा वर्षाचे होईपर्यंत तिथे राहते. पशुवैद्याचा खर्च संस्था करते. पिल्लाचे नावही संस्थाच ठेवते आणि एका वेतातील सगळ्या भावंडांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात. आमच्या वाट्याला आलेली ऑलिव्ह होती. कुटुंबाने तिला रस्ता दाखवण्याचे काम शिकवायचे नसते, ते पुढे संस्थेचे प्रशिक्षक शिकवतात. कुटुंबाकडे असते ती त्याआधीची सगळी मशागत: घरात घाण न करणे, अंगावर उड्या न मारणे, हाक मारताच येणे, पट्टा न ओढता चालणे, आणि बस, आगगाडी, सरकता जिना, गर्दी, फटाके, लहान मुलांचा आरडाओरडा यांपैकी कशालाही न घाबरणे. पिल्लाच्या वयाचे पहिले तीन-साडेतीन महिने या दृष्टीने निर्णायक असतात, कारण त्या काळात पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींची भीती त्याला पुढे सहसा राहत नाही. म्हणून सून तिला मॉरिसटाउनच्या रेल्वे फलाटावर नुसते गाड्या पाहायला घेऊन जात असे.

स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे असल्यामुळे माझा सर्वांत जास्त संबंध त्याच नियमांशी आला. आपल्या खानदेशी स्वयंपाकाचा अर्धा जीव कांद्या-लसणात असतो आणि कुत्र्याला ही दोन्ही विषारी आहेत. त्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यामुळे भरताचा घास, शेवभाजीचा रस्सा किंवा शिऱ्यातला बेदाणा ‘एवढासा’ म्हणूनही देता येत नाही आणि ताटातले काहीही देण्यास मुळातच मनाई असते. मी भरतासाठी वांगी भाजायला घेई (बामणोदच्या वांग्यांची सर तिकडच्या वांग्यांना मुळीच नाही), तेव्हा ऑलिव्ह स्वयंपाकघराबाहेर अंथरलेल्या आपल्या चटईवर बसून नाक हलवत राही. एकदा शेंगदाणे माझ्या हातून सांडले आणि त्यांतला एक घरंगळत थेट तिच्या पंजापर्यंत गेला. तिने त्याच्याकडे पाहिले, मग मान वळवून सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ती बसल्या जागी तशीच राहिली. मागचे पाय तेवढे थरथरत होते. सून शांतपणे आली, दाणा उचलला आणि नंतर तिच्या हक्काचा खाऊ तिला दिला. हा कडकपणा उगाच नसतो, हे मला तेव्हा नीट समजले, कारण पुढे हीच कुत्री एखाद्या उपाहारगृहात जमिनीवर पडलेल्या तुकड्याकडे धावली, तर तिच्या भरवशावर चालणारा माणूस टेबलावर आदळणार असतो.

शी-शूची शिस्तही अशीच कारणासहित आहे. पिल्लाला अंगणात मोकळे सोडून चालत नाही. पट्ट्याला धरून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी न्यायचे आणि ‘पार्क टाइम’ म्हणायचे. अंध व्यक्तीला आपला कुत्रा नेमका कुठे बसला हे पट्ट्यावरून कळले, तरच ती मागची स्वच्छता करू शकते. बर्फाच्या दिवसांत मध्यरात्री कोट-बूट चढवून मुलगा बाहेर उभा आहे, पट्टा हातात आहे आणि पिल्लू बर्फाचा वास घेत गोल-गोल फिरते आहे, हे मी खिडकीतून अनेकदा पाहिले. नोकरी करणाऱ्या पती-पत्नींनी हे काम दोघांत वाटून घेतल्याशिवाय हा उपक्रम स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पिढीतील अनेकांना कुत्रे घरात, तेही देवघराजवळ, ही कल्पनाच मानवत नाही. त्यावर एवढेच सांगेन की पिल्लाने कोणत्या खोलीत जायचे आणि कोणत्या नाही, हे घराने ठरवायचे असते आणि पिल्लू ते माणसांपेक्षा लवकर शिकते. अट एकच: घरातील सगळ्यांनी एकच नियम आणि आज्ञेचे तेच शब्द पाळायचे. मी तिला अहिराणीत लाडाने बोलत असे, त्याला कुणाची हरकत नव्हती, परंतु आज्ञा मात्र शिकवलेल्या शब्दांतच द्यावी लागे.

आता निरोपाविषयी. या उपक्रमाचे परीक्षण करताना खरी पारख तिथेच होते आणि तिथे मी संस्थेच्या पद्धतीला पूर्ण गुण देते. परत देण्याचा दिवस कुणापासून लपवला जात नाही. पहिल्या आठवड्यापासून घरात त्याविषयी बोलले जावे, मुलांना खोटे सांगू नये, असा आग्रह असतो. माझ्या नातीने, ‘ऑलिव्ह परत येईल का?’ असे विचारले, तेव्हा सून म्हणाली, ‘शाळेत पास झाली तर येणार नाही. नापास झाली तर सगळ्यांत आधी आपल्याला विचारतील.’ हे खरेच आहे. तब्येत, भित्रेपणा किंवा चंचलपणा यांमुळे जो कुत्रा या कामाला योग्य ठरत नाही, तो आधी वाढवणाऱ्या कुटुंबालाच देऊ केला जातो. त्यानंतर काही दिवस नात रोज सकाळी, ‘ऑलिव्ह नापास होऊ दे’ असे मोठ्याने म्हणत असे आणि घरात तिला कुणीही रागावले नाही. आयुष्यभर मुलांना शिकवल्यामुळे सांगते, त्या वयाच्या मुलाच्या दुःखाला याहून चांगली वागणूक देता येत नाही.

आपल्याकडे अशा प्रसंगाला लगेच लेकीच्या पाठवणीची उपमा दिली जाते आणि इथे परतल्यावर मलाही ती दोघी-तिघींनी दिली. ती मला पटत नाही. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते, झोक्यावर बसून गाणी म्हणते, आईजवळ चार दिवस काढते आणि तिची वाट पाहणे हा माहेरचा हक्क असतो. इथे तो हक्क पिल्लू उंबऱ्यातून आत येतानाच सोडून द्यायचा असतो. तरीही मायेत काटकसर करून चालत नाही, कारण मायेवाचून वाढलेले पिल्लू बुजरे होते आणि बुजऱ्या कुत्र्यावर कुणाचा जीव सोपवता येत नाही. जितके मनापासून वाढवावे, तितके ते जाण्यास योग्य होते. ही गोष्ट सोपी नाही आणि ज्यांना ती झेपणार नाही त्यांनी नकार देण्यात काहीच कमीपणा नाही.

ती गेली त्या सकाळी घरात मोठा समारंभ झाला नाही. आदल्या रात्री सुनेने तिच्याविषयीची माहिती लिहून काढली होती: कुकरच्या शिट्टीला आता दचकत नाही, पाने उडवणाऱ्या यंत्राच्या आवाजाला अजून बिचकते, पण हाक मारली की सावरते, पावसात बसायला नाखूश असते, डाव्या कानामागे खाजवले की शांत होते. हे टिपण मी वाचले आणि एखाद्या जिवाकडे इतके बारकाईने पाहणे म्हणजे काय, ते माझ्या लक्षात आले. मुलगा तिला गाडीपर्यंत घेऊन गेला. आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे ती आत जाऊन खाली बसली, कारण गाडीत खाली बसायचे हेच तिला शिकवले होते. मुलगा परत आला आणि तसाच मागच्या दाराने अंगणात गेला. आम्ही कुणी त्याच्या मागे गेलो नाही.

संस्थेतील प्रशिक्षण साधारण चार महिन्यांचे असते आणि त्याच्या अखेरीस कुटुंबाला एकदा बोलावले जाते. प्रशिक्षक कुत्र्याला घेऊन मॉरिसटाउनच्या रस्त्यांवरून चालतो आणि वाढवणारे लोक अंतर राखून, कुत्र्याला दिसणार नाहीत अशा रीतीने ते पाहतात. मी तोवर जळगावला परतले होते. मुलाने फोनवर सांगितले की रस्त्याच्या कडेला आल्यावर ती थांबली, वळणारी मोटार पुढे जाईपर्यंत हलली नाही आणि नातीने तिला हाक मारली नाही. एवढे सांगून तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटते, ही एक भेट संस्थेने ठेवली नसती, तर हा उपक्रम अपुरा राहिला असता. पाठवलेल्या जिवाचे पुढे काय झाले, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय वाढवणाऱ्याला मिळालीच पाहिजे.

आमच्या गल्लीत एक अंध संगीतशिक्षक राहतात. त्यांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘बाई, मग तो कुत्रा मला गोलाणी मार्केटला नेईल का?’ बहुतेकांचा समज असाच असतो, म्हणून इथे स्पष्ट करते. कुत्रा वाट ठरवत नाही. कुठे वळायचे हे माणसाला माहीत असावे लागते. कुत्रा वाटेतले अडथळे चुकवतो, पायरीशी आणि रस्त्याच्या कडेशी थांबतो. सिग्नलही तो वाचत नाही, कारण लाल आणि हिरवा हे रंग त्याला आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत. वाहनांचा आवाज ऐकून निघण्याची आज्ञा माणूस देतो आणि समोर धोका असेल तर कुत्रा ती आज्ञा मोडतो. आज्ञा पाळणे शिकवून, वर ती केव्हा मोडायची हेही शिकवणे, हा त्या प्रशिक्षणाचा सर्वांत अवघड भाग आहे.

सरांनी लक्षपूर्वक ऐकले आणि आपल्याकडच्या अडचणी एकामागून एक सांगितल्या: पदपथ आहे तिथे हातगाड्या आणि दुचाकी, प्रत्येक चौकात भटक्या कुत्र्यांची टोळी, जी अनोळखी कुत्र्याला पुढे जाऊ देणार नाही, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तापलेल्या डांबरावर त्या मुक्या जिवाचे पंजे भाजतील. ‘मला माझी पांढरी काठीच बरी,’ असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. हा उपक्रम जसाच्या तसा खानदेशात आणावा, असे मी म्हणणार नाही. परंतु एका अनोळखी अंध माणसाच्या चालण्याची तयारी नोकरदार कुटुंबे आपल्या घरात वर्षभर करतात, हे ऐकून सरांनी मला तो भाग पुन्हा सांगायला लावला.

जाणाऱ्या आई-वडिलांना व्यवहाराचा एक सल्ला देते. मुलांकडे पिल्लू येणार असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी ते केव्हा येणार आणि केव्हा जाणार, हे विचारून घ्यावे. पहिले तीन-चार महिने घरात माणसांची खरी गरज असते, तेव्हा जावे. दिवसा कुणीतरी घरी असल्याने पिल्लू लवकर शिकते. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल, तर मात्र पिल्लू उड्या मारायचे थांबेपर्यंत जाणे टाळावे. परत देण्याच्या वेळी शक्य असल्यास अवश्य असावे, कारण त्या आठवड्यात मुला-सुनेचे जेवणाकडे लक्ष नसते आणि नातवंडांना शाळेतून आणायला कुणीतरी लागते. अगदी शेवटच्या पंधरवड्यात पहिल्यांदा जाऊन पिल्लाला नव्याने लळा लावू नये. त्याचा त्रास पिल्लाला होतो.