अलिबागला एका दिवसासाठी: लाँच की रो-रो?

रस्त्याचा विचार इथे करत नाही. पेण-वडखळमार्गे शंभरेक किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत यायचं, तर अलिबाग बघायचं कधी? मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी तो मार्ग ठीक आहे. सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी पोचायचं असेल, तर खरी निवड दोनच गोष्टींत आहे: गेटवेवरून लाँच, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो बोट. दोन्हींनी मी अलिबागला जात आलोय, आणि मुंबईतल्या मित्रांचा हा प्रश्न दर हिवाळ्यात येतोच.

आधी रो-रोचं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. मार्च 2020 मध्ये ती सुरू झाली आणि आमच्या घरातल्या वयस्कर माणसांना पुन्हा अलिबाग दिसलं. गेटवेच्या ओल्या पायऱ्यांवरून हलत्या लाँचमध्ये पाय टाकणं, कधी एका लाँचमधून दुसरीत जाणं, हे गुडघे दुखणाऱ्या माणसाला सांगवत नाही. रो-रोत गाडी थेट आत जाते. बोट मोठी, डुलणं कमी, बसायला ऐसपैस. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा समुद्रमार्गे जायचं तर हीच. उन्हाळ्यात परतताना पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्यायच्या असतील तर डिकीसारखी सोय नाही. अलिबागचा तो कांदा गोडसर असतो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि एक माळ घेऊन कुणाचं भागत नाही. शेजारी, बहीण, ऑफिस, सगळ्यांचा वाटा असतो.

एवढं असूनही धडधाकट चार माणसं निघाली असतील तर मी लाँच सुचवतो, आणि त्याचं कारण रो-रो नाही, गाडी आहे.

गाडी सोबत असली की दिवस गाडीच्या कलाने जातो. मांडव्याला, म्हणजे अलिबागच्या बाजूच्या धक्क्यावर, उतरल्या उतरल्या कुणीतरी म्हणतं, गाडी आहेच तर किहीमला डोकावू. मग नागाव. मग काशीद किती लांब आहे, याची चर्चा. रविवारी अलिबागच्या किनाऱ्याजवळ गाडी लावायला जागा शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच, आणि जो चालवतो त्याला दोन्ही वेळच्या समुद्राखेरीज फारसं काही बघायला मिळत नाही. पण हे सगळंही मी चालवून घेतलं असतं. ज्याने माझ्यापुरता निकाल लावला ती गोष्ट परतीची. गाडीची परतीची जागा आधी धरून ठेवावी लागते, फेऱ्या मोजक्या, आणि निघण्याच्या बऱ्याच आधी मांडव्याला रांगेत उभं राहायचं. संध्याकाळची सोयीची फेरी सगळ्यांनाच हवी असते, तेव्हा ती लवकर भरते. उरते ती अडनिड्या वेळेची. म्हणजे दुपारी किनाऱ्यावर पोचलो की घड्याळ बघायला सुरुवात.

आणि अलिबागला घड्याळ चालतं ते समुद्राचं. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी हवी. त्यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा एक हिशेब आहे, दिवस ठरवताना मी तोच वापरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आणि तिच्या सहाएक तास आधी किंवा नंतर ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारची, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहाच्या सुमारास. एकादशीला भरती सव्वाआठची, ओहोटी दुपारी सव्वादोनच्या आसपास. दोन्ही पक्षांत हाच हिशेब. अष्टमी-नवमीला ओहोटी ऐन दुपारी येते खरी, पण ते भांगाचे, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीचे दिवस, पाणी पुरतं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला, ती आपल्या कामाची नाही. तरी पाण्यात उतरण्याआधी घोडागाडीवाल्यांना विचारावंच, त्यांना त्या दिवसाचं पाणी माहीत असतं.

मला आवडते ती एकादशीच्या आसपासची दुपार. पाणी उतरत असतं, वाळूवर अजून घोट्याएवढं असतं, चपला हातात. किल्ल्यात गेलं की समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं आणि विहीर, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ, तटावर गाड्यावर चढवलेल्या इंग्रजी तोफा. त्यांच्यावरचं 1849 हे साल मी प्रत्येक वेळी वाचतो, ते तिथेच असणार हे ठाऊक असूनही. तटावर वाऱ्यात बसायचं आणि पाणी फिरायच्या आत निघायचं, एवढाच बेत. हे घाईत होत नाही. नेमक्या त्याच वेळी मांडव्याच्या रांगेची आठवण यावी, हे मला फार लागतं.

लाँचचं तसं नाही. दिवसभरात त्या बऱ्याच असतात, एक हुकली तर पुढची. बहुतेकांच्या तिकिटात मांडवा-अलिबाग बस धरलेली असते. शेवटच्या लाँचची वेळ मात्र सकाळीच विचारून ठेवावी. गावात पायी हिंडताना कान्होजी आंग्र्यांची समाधी लागते, किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेचं ते काम 1904 साली इथे हलवलं. गाडीत असताना तिची पाटी मी कधी वाचली नव्हती. आणि हिवाळ्यात लाँचमागे येणारे सीगल! त्यांना वेफर टाकू नका, नुसते बघा. रो-रोच्या उंच डेकवरूनही पक्षी दिसतात, पण लाँचच्या कठड्याशी ते हाताच्या अंतरावर तरंगतात. लहान मुलं बरोबर असतील तर एवढ्यासाठीही मी लाँच घेईन.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. आईवडील सोबत असतील, तान्हं मूल असेल, जून ते ऑगस्टमधला बेत असेल, तर रो-रोच घ्या. फक्त परतीची फेरी धरण्याआधी तिथी बघा आणि किल्ल्याला किमान दोन तास सोडा. षष्ठी मिळाली तर उत्तम, सकाळी पहिल्या फेरीने गेलात तर दुपारच्या जेवणाआधी किल्ला होतो. आणि गाडी नेलीच, तर काशीद दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.