ई-झिरो प्लायचे पैसे घेतले, बसवला भुश्याचा बोर्ड

सांगलीत सध्या ज्याच्या त्याच्या घरी किचन ट्रॉल्यांचं काम चालू आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. आमचे 35 हजार रुपये गेले, ते आहेच. पण बोर्डाच्या डिंकातून सुटणारा त्रासदायक वायू घरात येऊ नये म्हणून आम्ही 'ई-झिरो', म्हणजे तो वायू जवळजवळ सोडत नाही असं सांगून विकल्या जाणाऱ्या प्लायचे ते जादा पैसे मोजले, आणि नेमका तोच सोडणारा बोर्ड आणून बसवला, याचा संताप अजून जात नाही.

आमचं मूळ घर गावभागात. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा स्वयंपाकघरातली सगळी कपाटं फुगून फुटली. दुरुस्त करून घेतली, तर 2021 ला पुन्हा तेच. शेवटी आई म्हणाली, आता इथं नको. विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. धाकट्या मुलीला दम्याचा त्रास आहे. त्यामुळे माझ्या बायकोने आधीच वाचून ठेवलं होतं की बोर्डाच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो आणि डोळे, नाक, घसा यांना त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

सांगली-मिरज रोडवरच्या एका शोरूममध्ये हिने पहिला प्रश्न हाच विचारला. तिथला मुलगा लगेच म्हणाला, "वहिनी, आपण ई-झिरोच वापरतो. युरोपचं स्टँडर्ड आहे, लहान मुलांच्या खोलीतसुद्धा चालतं." प्लायचा तुकडा हातात दिला. कडेला थरावर थर स्वच्छ दिसत होते, वर हिरव्या पानाचं स्टिकर. लॅमिनेट केलेलं एक सर्टिफिकेट दाखवलं, त्याचा मी मोबाईलवर फोटो काढला. किचनचे 2 लाख 85 हजार, त्यावर ई-झिरो प्लायचे 35 हजार वेगळे. कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं, त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

बॉक्स वर्कशॉपमधून तयार होऊन आले. आतून-बाहेरून लॅमिनेट, चारी कडांना पट्टी मारलेली. आत काय आहे ते दिसायला जागाच नव्हती.

एप्रिलच्या शेवटी तासगावला लग्नाला गेलो. दोन दिवस फ्लॅट बंद होता. परत येऊन दार उघडलं आणि डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. सिंकखालचं कपाट उघडलं तर नाकात झणका बसला. वरच्या कपाटात भडंगाचा डबा होता, झाकण जरा सैल राहिलेलं, त्या भडंगालाही तोच वास. मुलीचा खोकला त्या रात्री थांबेना. मिरजेच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की खोकला यामुळेच आहे असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तिला त्या खोलीत झोपवू नका, खिडक्या उघड्या ठेवा.

शोरूमचं उत्तर होतं, "नवीन फर्निचर आहे सर, आठ दिवसांत वास जातो. कापूर ठेवा." कापराने वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो. स्वस्त बोर्डात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. ऊब आणि ओल लागली की तो हळूहळू तुटतो आणि वायू सोडत राहतो. आठ दिवस नाही, कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं. आणि स्वयंपाकघरात शेगडीची वाफ, सिंकची ओल, उन्हाळ्याची गरमी, सगळं एकाच जागी असतं.

गावभागातल्या आमच्या जुन्या गल्लीतले सुतार आण्णा, सत्तरीच्या पुढचे. त्यांना बोलावलं. त्यांनी दाराला हात लावून पाहिला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बिजागरी सोडवली. बिजागरीची वाटी बसवायला दारात 35 मिलिमीटरचा गोल खड्डा मारलेला असतो. आण्णांनी त्यात नख फिरवलं आणि हात माझ्यापुढे धरला. तळहातावर पिवळसर भुगा. थर नाही, पापुद्रा नाही. "दादा, ह्ये प्लाय न्हवं. भुसा दाबून केल्याला बोर्ड हाय." मग सिंकखाली पाईपसाठी पाडलेलं भोक दाखवलं. तिथे पट्टी नाही, काही नाही, कड उघडी आणि फुगायला लागलेली. वायू सगळ्यात जास्त सुटतो तो अशा उघड्या कडांतून.

त्या रात्री मी सर्टिफिकेटचा फोटो पहिल्यांदा नीट वाचला. आधी का वाचला नाही, हे मनाला फार लागतं. तपासलेला नमुना 12 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, प्लाय नव्हे), कंपनी भलतीच, रिपोर्ट चार वर्षांपूर्वीचा, वर्ग ई-1. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता.

बोर्डांच्या मूळ युरोपियन मानकात ई-1 आणि ई-2 असे दोनच वर्ग आहेत, त्यात ई-झिरो नाहीच. ई-1 म्हणजे चाचणीच्या बंद खोलीत हवेच्या एका घनमीटरमध्ये 0.124 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉर्मल्डिहाइड नको. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये 0.1 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली, अर्ध्या तासाच्या सरासरीवर. म्हणून 'ई-झिरो' ऐकलं की कुठल्या चाचणीने, किती आकडा आला, असं विचारा.

दुसरा घोळ 'वॉटरप्रूफ'चा. पूर बघितलेल्या माणसाला हा शब्द लगेच पटतो. आयएस 303 या भारतीय मानकातला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय किंवा आयएस 710 चा मरीन प्लाय पाण्यात टिकतो. त्यात सहसा फिनॉलचा डिंक असतो, तो वायूही बराच कमी सोडतो. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय फक्त दमटपणा सोसतो, त्यात बहुतेक युरियाचाच डिंक. आयएसआय शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर, भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की लायसन्स खरं की खोटं ते कळतं. पण तो शिक्का म्हणजे ई-झिरोचा दाखला नव्हे.

पार्टिकल बोर्ड, म्हणजे हा भुशाचा बोर्ड, मुळात वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. ई-1 चा चांगला बोर्ड मिळतो, सगळ्या कडा नीट बंद केल्या तर कोरड्या जागी चालतोही. पण मग तसं सांगा आणि तेवढेच पैसे घ्या.

मी ऑनलाइन एक स्वस्त मीटरही मागवला. त्याचा आकडा घेऊन भांडायला गेलो आणि तोंडावर पडलो, कारण तो सॅनिटायझरलासुद्धा तसाच उसळतो. पुरावा म्हणून तो निरुपयोगी. कामी आलं ते व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, कारण बिलात दुकानदाराने नुसतं 'मॉड्युलर किचन, 1 नग' लिहिलं होतं. बोर्डाचं नाव, जाडी, ग्रेड, वायूचा वर्ग (ई-1 वगैरे) बिलातच लिहून घ्या. लॅमिनेट चढण्याआधी, कापायच्या दिवशी वर्कशॉपला जा आणि तुमच्याच कामातला एक तुकडा मागून आणा.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला. 15 हजार परत देतो, 'तक्रार नाही' म्हणून सही करा. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

सिंकखालचा बॉक्स आण्णांनी काढून टाकला, बाकीच्या उघड्या कडा बंद करून दिल्या. काढलेल्या बॉक्सचा एक वीतभर तुकडा आणि तो भुगा पारदर्शक पिशवीत घालून, वर तारीख टाकून ठेवलाय. मुलगी अजून आजीच्या खोलीत झोपते.