मातीतले फेज शोधताय? फिल्टर पीईएसचाच घ्या

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या घरामागच्या मातीतून बॅसिलस सब्टिलिसचे फेज, म्हणजे या जिवाणूला लागण करणारे विषाणू, शोधतेय. माती ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पातळ खाद्यात, होस्टसोबत (ज्याला लागण होते तो जिवाणू, इथे बॅसिलस) रात्रभर शेकरवर ठेवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवून तळाशी बसवायची आणि वरचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळायचं. जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. गाळणं फसलं की पुढचं सगळं मुसळ केरात.

आधी ऑनलाइन मागवले होते. पाकिटावर नुसतं ‘सिरिंज फिल्टर 0.22’. मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, कशाची, पत्ताच नाही. खोदून विचारल्यावर उत्तर आलं, नायलॉन! नायलॉनला प्रोटीन चिकटतं, आणि फेजचं कवच प्रोटीनचंच असतं. विकणाऱ्याने परत मात्र घेतले नाहीत.

मग रावपुऱ्याकडच्या एका लॅब-सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या भाईंनी किंमत सांगायच्या आधी विचारलं, ‘‘शुं गाळवुं छे, बेन?’’ माती म्हटल्याबरोबर पीईएसचे (पॉलिइथरसल्फोन, याला प्रोटीन फारसं चिकटत नाही), 25 मिमीचे, एकेक सीलबंद निर्जंतुक फिल्टर पुढे ठेवले. आणि सुटे दिले! अख्खा डबा विद्यार्थ्याने कुठून घ्यायचा? एकाच्या किमतीत सेव-उसळ सहज होते, आणि वापरला की टाकायचा.

कामाला उत्तम. चहासारखं गढूळ पाणी आत, खाली फिक्कट पिवळं, स्वच्छ. ते होस्टबरोबर सॉफ्ट अगारमध्ये (पातळसर जेलीत) मिसळून प्लेटवर ओतलं, तर दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधट थरावर, म्हणजे लॉनवर, टाचणीच्या डोक्याएवढे पारदर्शक प्लाक, फेजने जिवाणू मारल्याचे ठिपके. मॅडमनी प्लेट उजेडात धरून दोनदा फिरवली, ‘‘हं’’ म्हणाल्या. आमच्या मॅडमच्या भाषेत ही मोठीच शाबासकी.

पण माती नीट बसवली नसेल तर काही मिलिलिटरमध्येच तुंबतो, अंगठा दुखायला लागतो. जोर लावू नका, मेम्ब्रेन फाटते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सिरिंज ल्युअर-लॉकचीच, म्हणजे फिल्टर फिरवून घट्ट बसतो तीच, घ्या. साधी सटकली की ॲप्रनचं वाटोळं. 13 मिमीचा स्वस्त पडतो, पण मातीच्या पाण्यापुढे टिकत नाही.

‘जिवाणू मारायला फिल्टर कशाला, क्लोरोफॉर्म घाल’ हा सीनिअर्सचा सल्ला बॅसिलसला चालत नाही. त्याचे स्पोअर, म्हणजे टणक सुप्त बीजाणू, क्लोरोफॉर्मला दाद देत नाहीत. शिवाय लिपिड असलेले फेज त्यात हकनाक मरतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो तुंबण्याबद्दल. जम्बो, म्हणजे आकाराने खूप मोठे, फेज हवे असतील तर मात्र हा घेऊ नका, बरेचसे 0.22 मधून उतरतच नाहीत. त्यांना 0.45 लागतो; पण त्यातून एखादा जिवाणूही सुटतो, तेव्हा गाळलेलं पाणी होस्टशिवाय एका प्लेटवर लावून बघाच.