पंप बदललाच नव्हता, ७५,६५० रुपये मात्र घेतले

पंचाहत्तर हजार सहाशे पन्नास रुपये. हा आकडा घरात सांगायचीही मला लाज वाटत होती. तरी आज उघड लिहितोय, कारण ज्याने ते घेतले त्याचं गॅरेज जोरात चालू आहे आणि त्याची गिऱ्हाइकं म्हणजे आपल्यासारखीच रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवलेल्या गाड्यांची माणसं.

गाडी २०१४ ची, टर्बो-पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची हॅचबॅक. स्टेज-१ रीमॅप आणि मोठा एअर इनटेक, बाकी इंजिन कंपनीचंच. ईस्टर्न फ्रीवेवर तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की गाडी अडखळायची, ईपीसीचा, म्हणजे इंजिनच्या बिघाडाचा दिवा लागायचा आणि लिंप मोड, म्हणजे गाडी स्वतःच ताकद कमी करायची. सायनच्या ट्रॅफिकमध्ये मात्र काहीच त्रास नाही. स्कॅनरवर कोड पी००८७, म्हणजे रेल प्रेशर, इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब, कमी. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना ठीक आणि लोड आला की उपाशी, याचा अर्थ इंधन पुरत नाही. इनटेक मॅनिफोल्डला हवेची गळती असती तर उलटं दिसलं असतं, फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन कमीजास्त करतो ते आकडे, आयडललाच चढले असते आणि आरपीएम वाढल्यावर उतरले असते. हे सगळं मला माहीत होतं. मी डोळे मिटून गाडी टाकून आलो नव्हतो.

गॅरेज कुर्ल्याचं. मालक मराठी, बोलायला गोड. "दादा, आपल्या माणसाला मी फसवेन का? ई-२० पेट्रोलने हाय प्रेशर पंप खाल्लाय. रोज दोन गाड्या येतायत अशा." पंचवीस हजार ॲडव्हान्स तिथेच घेतले. दाब मोजायचा गेज लावला नाही, हाय प्रेशर पंपाला पेट्रोल पुरवणाऱ्या टाकीतल्या पंपाचं प्रेशर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर स्कॅनरचा स्क्रीनशॉट आला. रेल प्रेशर ६ बार. खाली लिहिलं होतं, "बघा, पंप पूर्ण मेला."

त्या स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात इंजिन स्पीड होता. शून्य.

इंजिन बंद होतं! हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो. इंजिन फिरत नसेल तर तो दाब देणार कसा? रात्रभर उभ्या गाडीची नुसती चावी फिरवली की रेलमध्ये टाकीतल्या पंपाचा थोडासा दाब येतो, तेवढाच दिसणार. ज्या गाडीत लोडला शंभराच्या वर बार लागतात, ती ६ बारवर धड चाललीच नसती, आणि मी ती स्वतः नीट चालवत गॅरेजला नेली होती. सगळं त्या एका फोटोत होतं. आजही तो फोटो उघडला की डोकं भणभणतं. पण मी तेव्हा ऑफिसला जाताना लोकलच्या दारात उभा होतो, स्क्रीन तळहाताएवढी, आणि पी००८७ कोड मी स्वतः काढलेला. कोड म्हणतोय प्रेशर कमी, फोटो म्हणतोय प्रेशर कमी. कोपऱ्यातला आकडा कोण बघतो? त्याने नेमकं हेच धरलं होतं.

साध्या कागदावर 'एस्टिमेट' असं लिहून बिल दिलं: पंप ४२,५००, इंजेक्टर क्लीनिंग आणि सील १४,८००, फ्युएल फिल्टर १,८५०, रीमॅप करेक्शन ९,०००, मजुरी ७,५००. जीएसटी नंबर नाही. उरलेले ५०,६५० यूपीआयने, तेही भावाच्या खात्यावर. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला.

गाडी नीट चालली, हे खरं. का, ते नंतर कळलं. 'करेक्शन'च्या नावाखाली त्याने मऊ फाइल टाकली होती. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कमी, म्हणून इंधनाची मागणी कमी, म्हणून अडखळणं बंद. बिघाड जागच्या जागी ठेवून फक्त लपवला होता. काही आठवड्यांनी तीच अडखळ, तोच दिवा.

मग परळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी टाकीतून हाय प्रेशर पंपाकडे जाणाऱ्या लो प्रेशरच्या लाइनला गेज लावला आणि मला शेजारी बसवून गाडी चालवली. लोड आला की काटा खाली. त्याच लाइनवरचा, गाडीखालचा फिल्टर काढला, त्यावर छापील तारीख २०१९ ची. कापून दाखवला, आत काळा गाळ. हाय प्रेशर पंपाच्या बोल्टवर जुनं तेल आणि धूळ तशीच थापलेली, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. इनटेक मॅनिफोल्डही हललेला नव्हता, आणि माझ्या इंजिनात तो काढल्याशिवाय इंजेक्टर बाहेर येतच नाहीत. म्हणजे सील बदलले तेही खोटं. फिल्टर १,६४०, तपासणी १,५००, मजुरी ५००. एकूण ३,६४० रुपयांत गाडी बरी झाली. माझी आधीची रीमॅपची फाइल परत टाकून फ्रीवेवर नेली, दिवा लागला नाही.

फोटो, व्हिडिओ, कापलेला फिल्टर, यूपीआयची नोंद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरचे साहेब फिल्टरकडे बघायलाही तयार नव्हते. "हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." न लावलेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक नाही का, न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे, असं विचारलं तर प्रश्न उलटा माझ्यावर: "गाडी मॉडिफाय केलीय ना? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, माहितीये? आधी तुमच्यावरच कारवाई होईल." तक्रार घेतली नाही, पोचही दिली नाही. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात सांगितलं की गॅरेजवाल्यांचा विषय आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतो? तर समोरच्या खिडकीवर विचारा. समोरच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी. माझ्या गाडीत काय बदल आहेत ते मी बघून घेईन, दंड असेल तर भरेन. त्यामुळे दुसऱ्याला माझे ७५,६५० रुपये लुटायची परवानगी मिळते का? मॉडिफाय गाडीवाला वॉरंटी गमावून बसलेला असतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दारात उभा करत नाहीत आणि तक्रार करायला तो घाबरतो. ही भीती गॅरेजवाल्याला पक्की माहीत असते. मी नोटीस पाठवणार म्हटल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा, तुमची गाडी रीमॅपची आहे, विचार करा."

विचार केला आणि ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जपा, माझी सगळी केस त्यावरच उभी आहे.

स्क्रीनशॉट घेऊ नका, व्हिडिओ मागा, त्यात आरपीएम आणि रेल प्रेशर एकत्र दिसलं पाहिजे. लो प्रेशर मोजल्याशिवाय हाय प्रेशर पंपाचं नाव घेणाऱ्याकडून गाडी उचला. गाडी देण्याआधी पंपाच्या बोल्टवर आणि फिल्टरवर नेलपॉलिशचा ठिपका लावून फोटो काढा. जुना पार्ट हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. तुमची फाइल बदलली असेल तर आधीची आणि नंतरची दोन्ही मागून घ्या, गाडी 'बरी' कशाने झाली ते त्यातच दिसेल. आणि कुर्ल्याच्या कोणत्याही गॅरेजचं 'पंप आणि रीमॅप करेक्शन' असं साध्या कागदावरचं बिल तुमच्याकडे असेल, तर आजच गाडी रॅम्पवर घेऊन फिल्टरवरची तारीख वाचा.